सरकारचं मीठ

काशीराम पुन्हा मिठागरात उतरणार आहे, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. आज शुक्रवार. सोमवारी तो माझ्या लेकीच्या, मालूच्या, शाळेतली शेवटची घंटा देईल, किल्ल्यांचा जुडगा हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवील आणि दुसऱ्या दिवशी, सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनाला न थांबता बेलपाड्याला आपल्या घरी निघून जाईल. वय पन्नाशीला टेकलंय. उजव्या डोळ्याने त्याला भर दुपारीसुद्धा धुकं पडल्यासारखं दिसतं. पांढऱ्या मिठावरून उन्हाची जी तिरीप उठते, तिने तो डोळा नेला. आणखी दोन-तीन हंगाम मिठागरात काढलेस तर डावाही जाईल, असं डॉक्टरांनी त्याला पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच बजावून ठेवलंय. हे त्याला ठाऊक आहे, त्याच्या बायकोला, वेणूला, ठाऊक आहे. तरी तो जाणार, कारण बावीस वर्षांपूर्वी त्याने एक शपथ घेतली. आणि त्या शपथेच्या वेळी त्याच्या हातावर मीठ ठेवणारी मी होते.

पनवेलच्या निम्म्या आयांना काशीराम माहीत आहे तो रस्त्यामुळे. आमची शाळा मुंबई-पुणे रस्त्याच्या पलीकडे. सकाळी पळस्प्याकडून ट्रक सुटतात ते शर्यत लावल्यासारखे. काशीराम हातात शाळेची पितळी घंटा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि ती वाजवत राहतो. ट्रक थांबतो, ड्रायव्हर शिव्या देतो, मुलं पलीकडे जातात. मालू पहिलीत होती तेव्हा मी रोज खिडकीतून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत असे, आणि ती दिसेनाशी झाली की घंटा ऐकत असे. घंटा थांबली की समजायचं, पोचली. तीन वर्षं झाली, अजून माझा दिवस त्या घंटेनंतर सुरू होतो. माझा स्वभाव काळजीचा आहे, हे घरचे सगळे सांगतील. पण या माणसाने माझी केवढी काळजी परस्पर वाहिली, याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

शाळा गावातल्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर उभी राहिलेली. यंदा तिला सरकारी अनुदान मंजूर झालं. फेब्रुवारीपासून सगळ्यांचा पगार सरकारातून येणार, म्हणून शिक्षकांनी पेढे वाटले. काशीरामने पेढा मुलांना देऊन टाकला आणि हेडमास्तरांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, मना सोडा."

"का रे? तुझा पगार वाढतोय, वेड्या."

"सरकारचा हाय ना पगार?"

"मग? सरकारचाच बरा असतो. वेळेवर येतो."

"मंग मना चालनार नाय. मी सरकारचं मीठ खाल्ल्याला नाय आजवर."

बुधवारी मी शाळेत गेले तेव्हा हेडमास्तर कपाळाला हात लावून बसले होते. "अहो बाई, अर्धा तास त्याला समजावलं. म्हटलं, ते सरकार गेलं, हे आपलं आहे, आपण मत देतो. सगळं ऐकून घेतलंन आणि म्हणतो, साहेब, तुमचं खरं हाय, पन मी बोललो ते बी खरं हाय. आता याला काय म्हणू?"

 मला त्या शपथेतला शब्द न् शब्द आठवत होता.

सन त्रेचाळीसची सव्वीस जानेवारी. आजच्या मुलांना सव्वीस जानेवारी म्हणजे प्रजासत्ताक दिन एवढंच माहीत. आमच्या लहानपणी त्या दिवशी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली जायची. सन तीसपासून दर वर्षी, गावोगाव. पुढे घटना अमलात आणायला तोच दिवस निवडला तो त्या प्रतिज्ञेमुळे. पण त्रेचाळीस साली काँग्रेसवर बंदी होती, पुढारी तुरुंगात होते आणि प्रतिज्ञेचा कागद जवळ सापडला तरी पोलीस उचलत. माझ्या थोरल्या भावाने तसा एक कागद मिळवला होता. घरी-दारी सगळे त्याला दाजी म्हणत. तो तेवीस वर्षांचा, मी एकोणीस. पुण्याला इंटरला होते, कॉलेज धड चालत नव्हतं म्हणून घरी आले होते. दाजीने ठरवलं की गावात वाचली तर पकडतील, मिठागरात वाचू.

पहाटे आम्ही खाडीच्या कडेने गेलो. मिठाचा हंगाम नुकताच लागला होता. पंधरा-सोळा आगरी माणसं कामाआधी बांधावर बसली होती. दाजीने बंडीच्या आतून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. त्याचा आवाज चांगला होता. पण मराठी अशी जड, की मलाच मध्ये मध्ये अडखळायला झालं. जन्मसिद्ध हक्क, आर्थिक शोषण, आध्यात्मिक अधःपतन. अशा राज्यापुढे मान तुकवणं हा देवाचा आणि माणसाचा अपराध आहे, या वाक्याला दाजीचा आवाज चढला.  संपल्यावर बुधाजी नावाचा एक म्हातारा म्हणाला, "कागुद बरा हाय तुमचा. पन आमी करायचं काय?"

"शपथ घ्यायची," दाजी म्हणाला.

"शपत अशी नाय घेत. शपत मिठावं घेतात. न काय ते एका बोलात सांगा. एवढं सगलं कोन ध्यानात ठेवील?"

दाजीने माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा कागद एका वाक्यात कसा आणायचा हे त्याला सुचेना. मला सुचलं. खाल्ल्या मिठाला जागावं, हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं. मग जागायचं नसेल तर ते मीठच खाऊ नये. मी त्याच्या कानात म्हटलं, "सरकारचं मीठ खाणार नाही, असं म्हण." दाजीला ते फार आवडलं. मी कडेच्या ढिगातून मीठ उचलून एकेकाच्या हातावर ठेवत गेले, पहिल्यांदा दाजीच्या. दाजी बोलला, त्याच्यामागून सगळे बोलले. शेवटच्या टोकाला एक तरुण बसला होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. त्याने मीठ घेतलं, डोळे मिटले आणि बाकीच्यांचं बोलून झाल्यावर एकटाच पुन्हा एकदा सावकाश बोलला. तो काशीराम.

'या सरकारचं' म्हणायला हवं होतं. 'या' हे एक अक्षर माझ्याकडून राहिलं. मला काय ठाऊक, आणखी चार वर्षांत दुसरं सरकार येणार आहे.

काशीरामने त्याचा अर्थ आधी अगदी सरळ घेतला. मिठागरातलं मीठ सरकारी परवान्याचं, सरकारी कर बसलेलं. म्हणजे ते सरकारचं मीठ. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरात ते बंद. आयुष्यभर मीठ पिकवणाऱ्याच्या घरात खाडीचं पाणी उकळून मीठ व्हायला लागलं. वेणू अजून ती गोष्ट सांगते.

"ह्यांनी शपत घेतली न लाकडं मी फोडली. दिसभर पानी उकलायचं तवा मूठभर निंघायचं, न तं बी कडू. सासू बोलायची, सून कालवनात राख टाकते."

"सांगायचं नाहीस का कुणाला?" मी एकदा विचारलं.

"कोनाला सांगू? बाकीचे शपत विसरून त्याच मिठाचा बोंबील खात हुते."

हे खरं होतं. त्या पंधरा-सोळा जणांपैकी एक, जगन, पुढे कस्टममध्ये शिपाई झाला. एकाने रस्त्याची सरकारी कंत्राटं घेतली. यात त्यांचा काही दोष आहे असं मला वाटत नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा शपथ आपोआप फिटली, असं सगळ्यांनीच धरलं, मीही धरलं. सत्तेचाळीस साली मिठावरचा करही गेला, तेव्हा काशीरामच्या घरची चूल पाणी उकळायची थांबली. पण तेवढंच. जगनने कस्टममधलीच एक शिपायाची जागा त्याच्यासाठी बघितली होती. काशीराम गेला नाही, जगन त्याला हसला. डोळा अधू झाल्यावर आमच्या यांनी खटपट करून त्याला शाळेत चिकटवलं, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "शाला कोनाची?" देणग्यांची, म्हटल्यावर तो आला.

रेशनवरचं धान्य मात्र तो घेई. मी त्यावरून त्याला चिडवलं होतं. तो म्हणाला, "पैसं देऊन घेतलं तं खाल्लं व्हतं काय? तं इकत घेतलं. मीठ खानं म्हनजे त्याचा चाकर व्हनं." कायदा शिकलेल्या माणसाला सुचणार नाही इतका स्वच्छ फरक त्याने केला होता.

या महिन्यात शाळेत नवी प्रतिज्ञा आली. येत्या सव्वीस तारखेपासून देशभरच्या शाळांत ती म्हणायची आहे. हेडमास्तर सांगत होते की चीनच्या लढाईच्या साली आंध्रातल्या कुणा अधिकाऱ्याने ती आपल्या तेलुगूत लिहिली, आणि आता साऱ्या भाषांत तिचं भाषांतर झालंय. मालूने आठ दिवस घर डोक्यावर घेतलंय. केस विंचरताना, जेवताना, आंघोळ करताना, भारत माझा देश आहे, सारे भारतीय माझे बांधव आहेत. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी त्यात काहीतरी शोधत राहिले. मग लक्षात आलं, मी शत्रू शोधत होते. आमच्या वेळच्या प्रतिज्ञेत ओळीओळीला तो होता. आम्ही काय सोसलं आणि काय सोसणार नाही, याचीच ती यादी होती. या नव्या प्रतिज्ञेत कुणाला नकार नाही. पालकांचा, गुरुजनांचा मान ठेवीन, प्रत्येकाशी सौजन्याने वागेन. आधी मला ती जरा मिळमिळीतच वाटली. पण नाही म्हणायला एक दिवस पुरतो, आणि सौजन्याने रोज वागायचं असतं. मुलांना रोज म्हणायला लावतात ते ठीकच आहे.

बुधवारी हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा काशीराम पाण्याचे माठ भरत होता. मी तिथेच पायरीवर बसले.

"गोदूताय, खाली का बसलाव? खुर्ची आनू?"

"नको. काशीराम, मुलांची ती प्रतिज्ञा ऐकलीस?"

"रोज ऐकतंय. पाठ झाली मना." त्याने माठावर झाकण ठेवलं. "लय बरी हाय. त्यात सरकार कुठंच नाय. देश हाय, न बांधव हायत." मग जरा लाजून त्याने विचारलं, "बांधव म्हनजे बांधावरचे ना? एका बांधावं बसून भाकर खातात ते?"

मी एम.ए. नाही, पण बी.ए.ला मराठी घेतलं होतं. बांधव म्हणजे भाऊबंद, आप्त, हे मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "तेच."

"मना वाटलंच. सगले भारतीय माजे बांधव. म्हनजे केवढा बांध झाला तो." तो हसला. "मना बोलायची हाय ती. पोरांच्या मागं उभं राहून बोलायची हाय. पन एक शपत तोंडात असताना दुसरी कशी घेऊ? आदीची सुटल्याबिगर?"

"मग सोडव की. मी सांगते, सुटली."

त्याने मान हलवली. रागाने नव्हे, लहान मुलाची चूक दाखवावी तशी. "तुमी मीठ दिलं, ताय. शपत दाजींनी घातली. ज्यानं घातली त्यानं सुटली म्हनायचं. पोरं बी खेलताना असंच करतात ना?"

"दाजीला पत्र लिहिते."

"पत्र मना कोन वाचून दावनार? न वाचलं तरी तं वाचनाराच्या तोंडचं. तोंडानं घातली, तोंडानं सोडवाया पायजे." मग त्याने घागर उचलली. "ऱ्हाऊ द्या. मोठी मानसं ती. मिठागर काय मना नवं नाय."

"आणि डोळा?"

"एक हाय अजून."

ती 'मोठी माणसं' मला लागली, कारण ती त्याने कुठून शिकली ते मला माहीत होतं. दाजी स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरीत गेला, भराभर चढला, आता नागपूरला मोठ्या हुद्द्यावर आहे. अठ्ठावन्न साली तो सरकारी जीपमधून दौऱ्यावर आला आणि दुपारी आमच्याकडे जेवला. कसं कळलं कोण जाणे, काशीराम केळीच्या पानात गुंडाळलेला भला मोठा जिताडा मासा घेऊन मागच्या दारी हजर. आमच्या भागात जिताडा देतात तो अगदी मानाच्या माणसाला. मी आत जाऊन सांगितलं. दाजी ओट्यावर आरामखुर्चीत पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली घेतला नाही. "झोपलाय म्हणून सांग," म्हणाला.

मी तसंच सांगितलं. काशीराम म्हणाला, "झोपू द्या, थकले असतील," आणि मासा माझ्या हाती देऊन गेला. जाताना त्याला ओट्यावरचे दाजीचे हलते पाय दिसले असणार. अंगणातल्या वाटेवरून ते दिसतात. तो याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. मीही दाजीशी बोलले नाही. त्या दिवसापासून आमची पत्रं फक्त तब्येत आणि मुलांच्या परीक्षा यांचीच होतात.

त्या वेळी मला वाटलं, भावाला मोठेपणाची हवा लागली. आज तसं वाटत नाही. माणसाला मोठेपणा चढला की तो गरिबाला समोर बोलावतो आणि खुर्चीतून दोन शब्द बोलतो. दाजी तेही करू शकला नाही. त्याच्या हातावर मीठ पहिलं पडलं होतं. सरकारात रुजू होताना त्याने आपली शपथ कशी सोडवली, कुणापुढे सोडवली, मला माहीत नाही. कदाचित सोडवलीच नसेल.

म्हणूनच बुधवारपासून मी नुसती घुटमळते आहे. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "एक शब्द तर म्हणायचाय त्याला. वखारवाल्यांच्या फोनवरून नागपूरला ट्रंक कॉल लाव, काशीरामला उभा कर, दाजी म्हणेल सुटली, झालं." पुरुषांना अशा गोष्टी फार सोप्या दिसतात. काशीरामला रिसीव्हर दिला आणि तिकडून दाजी म्हणाला, "कसली शपथ?" तर? बावीस वर्षं या माणसाने एक वाक्य जपलं, त्यापायी बायकोकडून लाकडं फोडून घेतली, जगनचं हसू सोसलं, आणि ज्याने ते वाक्य दिलं त्याला ते आठवतच नाही, हे त्याने त्या काळ्या रिसीव्हरमधून ऐकायचं? त्यापेक्षा मिठागर बरं, असं मला दोन दिवस वाटत होतं. चुकीचं वाटत होतं. डोळा जाणार तो त्याचा जाणार आहे, आणि अवघडणार ते मी आणि माझा भाऊ.

आणि दाजी विसरला असेल असं मला खरोखर वाटत नाही. विसरलेला माणूस त्या दिवशी पेपर खाली घेता.

आज संध्याकाळी काशीराम मालूला घरापर्यंत सोडायला आला, तसा तो एरवी रस्ता ओलांडून देऊन परततो. सोमवारनंतर पोरांना कोण नेणार ते ठरलंय, हे सांगायला आला होता. शाळेने दादू नावाच्या एका पोरगेल्या गड्याला ठेवलंय. काशीरामने त्याला तीन दिवस रस्त्यात उभं राहायला शिकवलं. "ट्रकाकडं बघायचं नाय, पोरांकडं बघायचं, असं सांगितलंय त्याला. शिकंल. तुमी खिडकीत उभं ऱ्हाऊ नका, ताय." मी खिडकीत उभी राहते हे त्याला दिसत होतं तर. मला वाटलं होतं, त्या डोळ्यांना एवढ्या लांबचं दिसत नसेल.

तो गेल्यावर मी वखारवाल्यांकडे जाऊन विचारून आले. सकाळी आठला ये म्हणाले, अर्जंट लावला तर नागपूर दोन तासांत मिळतं. शनिवारी दाजी सकाळी घरीच असतो, त्याच्या घरी फोन आहे.

काशीरामला मी आधी नेणार नाही. आधी एकटी बोलणार. दाजीला मी शपथेची आठवण करून देणार नाही, जिताड्याचंही काढणार नाही. त्याला सांगणार, त्या सकाळी तुला वाक्य मी दिलं आणि चुकीचं दिलं, एक अक्षर राहिलं माझं. त्या चुकीत एक माणूस अडकलाय. तुझ्या तोंडच्या एका शब्दाने तो सुटतो, माझ्या सुटत नाही, मी म्हणून पाहिलं. पाच मिनिटं फोनजवळ थांब, मी त्याला शाळेतून बोलावून आणते. आणि दाजी गप्प राहिला, तो राहीलच थोडा वेळ, तर तीन मिनिटं झाली असं ऑपरेटरने सांगितल्यावरही मी फोन ठेवणार नाही. अजून तीन मिनिटं मागून घेईन.